भावंडांचा वाद मिटेपर्यंत गहाण जमीन अडकून राहते का?

सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात कधीकधी चाळीस वर्षांपूर्वीची एक ओळ तशीच पडून असते. ‘ताबेगहाण, रु. १२,०००’, नाव आणि कंसात फेरफार क्रमांक. लिहून देणारा गेला, लिहून घेणाराही गेला. जमीन मात्र लिहून घेणाऱ्याची मुलंबाळं कसत असतात आणि लिहून देणाऱ्याच्या घरात ती सोडवायचं राहिलं बाजूला, नेमकी कोणाची यावरच जुंपलेली असते. त्यातूनही कोणी एकजण पैसे घेऊन गेलाच, तर समोरून उत्तर तयार असतं : ‘आधी तुमचं आपसात काय ते ठरवा, मग या.’

हे ऐकून निमूट परत फिरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ऐकायला ते रास्त वाटतं, पण कायद्यात ते बसत नाही. भाऊबंदकीचा आडोसा घेऊन गहाण घेणाऱ्याला जमीन दाबून ठेवता येत नाही. का येत नाही आणि त्याला कुठे कुठे अपवाद आहेत, ते पाहू.

एक उदाहरण धरून चालू, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. समजा, वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली चार एकर जमीन १९८१ साली बारा हजार रुपयांना ताबेगहाण दिली. खतात लिहिलं : ‘जमिनीचे उत्पन्न व्याजापोटी तुम्ही घ्यावे, मुद्दल देऊ तेव्हा जमीन बिनतक्रार परत द्यावी.’ वडील १९९० साली वारले. मागे तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरला म्हणतो, वडिलांनी मृत्युपत्रानं जमीन मला दिली. धाकटा म्हणतो, तोंडी वाटप झालं होतं आणि हा तुकडा माझ्या वाट्याला आला. मधला कशातच नाही. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर चढवलेलंच नाही. आणि आता जमीन सोडवायला उठली आहे तीच.

गहाण म्हणजे विक्री नव्हे, हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा अर्थ शेवटपर्यंत कोणी नेत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम ५८ मध्ये गहाणाचे प्रकार दिले आहेत. ताबा आपल्याकडेच ठेवून दिलेलं नजरगहाण, ताबा देऊन केलेलं ताबेगहाण, मुदतीत पैसे न दिल्यास विक्री पक्की होईल अशी अट घालून केलेली मुदतखरेदी, बँकेत मूळ कागद ठेवून होणारं गहाण, वगैरे. प्रकार कोणताही असो, कर्जाच्या तारणापुरता हक्क समोरच्याकडे जातो आणि मालकी देणाऱ्याकडेच राहते. पैसे फेडून मालमत्ता मोकळी करून घेण्याचा जो हक्क उरतो, तो कलम ६० चा. मुदतीचा प्रश्न सोडला, तर तो दोनच वाटांनी संपतो : दोन्ही बाजूंनी मिळून काही केलं, उदाहरणार्थ गहाण घेणाऱ्यालाच रीतसर खरेदीखत करून दिलं तर, किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं. ‘पाच वर्षांत सोडवली नाही तर जमीन कायमची तुमची’ असं वाक्य ताबेगहाणाच्या खतात घातलं, तरी कोर्ट ते मानत नाही. एकदा गहाण ते कायम गहाण, हे तत्त्व इंग्रजांच्या काळापासून इथल्या कोर्टांत चालत आलं आहे.

मुदतखरेदीच्या बाबतीत मात्र कागद डोळ्यांत तेल घालून वाचावा लागतो. १९२९ च्या दुरुस्तीनंतर परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच त्या व्यवहाराला गहाण म्हणता येतं. खरेदीखत एक आणि ‘पैसे दिल्यास जमीन परत देऊ’ असा करार दुसऱ्या कागदावर, असं असेल तर ते गहाण नव्हे. मग तो फेरखरेदीचा करार ठरतो, त्यातली मुदत काटेकोर पाळावी लागते आणि या लेखातलं बरंचसं त्याला लागू पडत नाही.

आता मुद्द्यावर. सोडवायला कोण जाऊ शकतं? कलम ९१ याचं उत्तर फार उदारपणे देतं. मालमत्तेत किंवा ती सोडवण्याच्या हक्कात ज्याचा काहीही हितसंबंध आहे, तो सोडवू शकतो. हिस्सा अर्धा असो की सोळावा. एका हिस्सेदाराचा हिस्सा विकत घेतलेला माणूसही जाऊ शकतो. कर्जाला जामीन राहिलेल्यालाही हा हक्क आहे. म्हणजे कोर्टापुढचा पहिला प्रश्न ‘तुझा हिस्सा किती’ हा नसतो. ‘तुझा काही हिस्सा आहे का’ एवढाच असतो. या दोन प्रश्नांमधला फरक ज्याला समजला, त्याला हा सगळा विषय निम्मा समजला असं मी म्हणेन. किती, कोणता, कोणत्या बाजूचा, विहिरीचं पाणी कोणाला, हे सगळे वाटपाच्या दाव्यातले प्रश्न. गहाण सोडवण्याच्या दाव्यात त्यांची तड लागेपर्यंत थांबायचं कारण नाही.

आपल्या उदाहरणातल्या बहिणीला हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ नुसार वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीत भावांइतकाच, म्हणजे चौथा हिस्सा मिळतो. तिचं नाव सातबाऱ्यावर नाही, हा गहाण घेणाऱ्याच्या वकिलाचा आवडता मुद्दा असेल. पण सातबारा हा महसुलाचा कागद आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरली जाते, ती उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी नोंदीनं मिळत नाही आणि नाव नाही म्हणून जातही नाही. वारस नोंद करून घ्यावी, त्यानं काम सोपं होतं. पण नोंद नाही म्हणून हक्क नाही, हे तलाठी कार्यालयाच्या ओट्यावरचं शास्त्र झालं.

थोरल्याचं मृत्युपत्र ही मात्र खरी अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मृत्युपत्र खरं ठरलं तर बहिणीचा हिस्साच उरत नाही, मग ‘काही हिस्सा आहे का’ या पहिल्याच पायरीवर ती अडते. तोंडी वाटपाचं धाकट्याचं म्हणणं खरं ठरलं तरी तेच. अशा वेळी कोर्टाला त्या मुद्द्यात तेवढ्यापुरतं शिरावंच लागतं. पण त्याचा फायदा गहाण घेणाऱ्याला होऊ नये अशी सोय कायद्यात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३४, नियम १ सांगतो की गहाणाच्या तारणात किंवा ते सोडवण्याच्या हक्कात ज्यांचा ज्यांचा हितसंबंध आहे, त्या सगळ्यांना दाव्यात सामील करा. जो भाऊ वादी व्हायला तयार नाही, त्याला प्रतिवादी करायचं. म्हणजे चारही भावंडं एकाच दाव्यात, कोणी या बाजूला, कोणी त्या. उद्या बहिणीचा हिस्सा नाही असं ठरलं, तर थोरल्याला प्रतिवादीच्या जागेवरून उचलून वादीच्या जागी बसवण्याचा अर्ज करता येतो. जमीन कोणासाठी सुटायची एवढंच बदललं. ‘कोणासाठीच सुटायची नाही’ हे गहाण घेणाऱ्याच्या मनातलं उत्तर त्यात कुठेच बसत नाही.

त्याला स्वतःला तर मालकीच्या वादात तोंड घालायचीही मुभा नाही. तो जमिनीत शिरला वडिलांच्या खताच्या जोरावर. त्याच खतावर उभं राहून ‘वडिलांची मालकीच नव्हती’ असं तो म्हणू शकत नाही. ज्याच्या हातून ताबा घेतला, त्याची मालकी नाकारायची असेल तर आधी ताबा परत द्यावा, मग खुशाल भांडावं.

एक वेगळा प्रसंग बाजूला काढून ठेवतो. समजा चुलत्यांपैकी कोणी आलं आणि म्हणालं की ही जमीन वडिलांची नव्हतीच, ती आमची, गहाण टाकायचा अधिकारच त्यांना नव्हता. हा माणूस गहाणाखालून येत नाही, गहाणाच्या डोक्यावरून येतो. अशा स्वतंत्र मालकी सांगणाऱ्याला गहाणाच्या दाव्यात ओढू नये, त्यानं त्याचा वेगळा दावा करावा, हा सर्वसाधारण दंडक. त्याला आत घेतलं की दाव्याचं लोणचं होतं. दहा वर्षं साक्षीपुराव्यात जातात आणि तोवर जमीन ज्याच्याकडे आहे त्याच्याचकडे.

बहीण आता कदाचित म्हणेल, मला भावांच्या भानगडीत पडायचंच नाही. बारा हजारांतले माझे तीन हजार घ्या आणि माझी एक एकर मोकळी करा. हे जमत नाही. कलम ६० च्या शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं आहे की एका हिस्सेदाराला आपल्यापुरते पैसे भरून आपल्यापुरता तुकडा सोडवता येत नाही. कर्ज एक, तारण एक. गहाण घेणाऱ्याला चार जणांकडून चार वेळा चार तुकड्यांत वसुली करायला लावायची नाही, असा त्यामागचा विचार. तेव्हा सोडवायचं तर पूर्ण, बारा हजार एकरकमी.

याला एकच अपवाद आहे आणि गंमत म्हणजे तो बहुधा गहाण घेणाऱ्याच्या हुशारीतून निर्माण होतो. भावंडांत फूट दिसली की तो धाकट्याला गाठतो, चार पैसे जास्त देतो आणि त्याचा हिस्सा खरेदी करून घेतो. त्याला वाटतं, आता मी मालकच झालो, मला कोण हलवणार. प्रत्यक्षात त्यानं स्वतःच गहाणाचं एकसंधपण मोडलेलं असतं. तो आता एका हिस्स्यापुरता मालक आणि उरलेल्या तिघांपुरता गहाण घेणारा. मग त्या तिघांना आपापल्या हिस्स्याचे पैसे भरून आपापला हिस्सा सोडवता येतो. धाकट्यानं दिलेलं खरेदीखत धाकट्याच्या हिश्शापलीकडे जात नाही, मग खतात चार एकर लिहा नाहीतर चाळीस. धाकट्यानं तोंडी वाटपाची गोष्ट सांगून सगळीच जमीन विकली असेल, तर ते वाटप सिद्ध करायचं ओझं ती गोष्ट सांगणाऱ्याच्या डोक्यावर.

आता पैसे भरायचे कसे? गहाण घेणाऱ्याच्या ओसरीवर नोटा मोजून यायची पद्धत बंद करा. तो पावती देणार नाही, दिली तर ‘हातउसने मिळाले’ असं लिहील. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे गहाणाची बाकी कोर्टात भरता येते. कोर्ट गहाण घेणाऱ्याला नोटीस काढतं. त्यानं रक्कम पूर्ण मिळाली असं कबूल करून खत जमा केलं की त्याला पैसे उचलता येतात. त्यानं नाही उचलले तरी व्याज चालू असेल ते तिथून थांबतं, ते कलम ८४. आमच्या उदाहरणात व्याज उत्पन्नात जिरत होतं, त्यामुळे मुद्दल तेवढं भरायचं. चाळीस वर्षांत त्यानं किती ऊस नेला आणि किती सोयाबीन, याचा हिशेब इथे मागता येणार नाही, कारण ‘उत्पन्न व्याजापोटी’ असं लिहून दिलं आहे. ते वाक्य खतात नसतं, तर कलम ७६ खाली त्याला पै न् पैचा हिशेब ठेवावा लागला असता आणि व्याज वजा जाऊन वरचं उत्पन्न मुद्दलातून वळतं झालं असतं. काही खतांत असा हिशेब केला तर कर्ज कधीच फिटलेलं निघतं. म्हणून खताची नक्कल आधी काढा. मूळ खत समोरच्याकडे असतं, पण ते नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सूची दोनचा शोध घेऊन प्रमाणित प्रत मिळते.

त्यानं विहीर पाडली, पाइपलाइन टाकली, आंब्याची झाडं लावली, त्याचे पैसे? कलम ६३अ नुसार ही सुधारणा जमिनीबरोबर मालकाकडे येते. त्याचा खर्च मागायचा तर मालमत्ता वाचवण्यासाठी तो करणं भागच होतं, किंवा तारण अपुरं पडू नये म्हणून, किंवा सरकारी अधिकाऱ्याच्या कायदेशीर हुकमावरून तो केला होता, हे त्याला दाखवावं लागतं. ‘आम्ही लाखो रुपये घातले’ हे वाक्य पंचायतीपुढे वजनदार वाटतं, पण कोर्टात तेवढ्यानं भागत नाही.

कुळाचं दुखणं महाराष्ट्रात जास्त. गहाण घेणारा काही वर्षांनी पीकपाहणीला आपलं नाव लावतो आणि म्हणतो, मी कूळ आहे, कसेल त्याची जमीन. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ४ मध्ये मानीव कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसतो म्हणून कायद्यानं कूळ धरलेला माणूस कोण, याची व्याख्या करताना ताब्यात असलेला गहाण घेणारा स्पष्टपणे वगळला आहे. खताच्या जोरावर कसणारा माणूस नुसत्या कसण्यानं कूळ होत नाही. तरीही त्यानं कुळाचा मुद्दा काढलाच, तर दिवाणी कोर्ट तो स्वतः ठरवत नाही. त्याच कायद्याच्या कलम ८५अ खाली तो तहसीलदाराकडे पाठवला जातो आणि दावा तोवर थांबतो. काही जण वेळ काढायला नेमकं हेच करतात. मात्र गहाणाच्या आधीपासूनच तो खरा कूळ असेल आणि मग त्यानं जमीन गहाण घेतली असेल, तर गणित निराळं. गहाण सुटलं तरी त्याचं कूळपण शिल्लक राहू शकतं.

मुदतीबद्दल सगळ्यात जास्त अफवा आहेत. जुन्या कायद्यात गहाण सोडवायला साठ वर्षं होती, १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानं ती तीस केली. त्यामुळे ‘तीस वर्षं झाली, जमीन आमची’ हे वाक्य गावोगाव फिरतं. पण तीस वर्षं मोजायची कधीपासून? सोडवण्याचा किंवा ताबा परत घेण्याचा हक्क उत्पन्न होतो तेव्हापासून. ताबेगहाणाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं २०१४ साली सिंग राम विरुद्ध शिव राम या प्रकरणात सांगितलं की मुदत गहाणाच्या तारखेपासून धावत नाही. उत्पन्नातून कर्ज फिटलं, किंवा पैसे दिले वा कोर्टात भरले, की तिथून ती सुरू होते. नुसती तीस वर्षं उलटली म्हणून ताबेगहाण घेणारा मालक होत नाही. १९८१ चं गहाण म्हणून आपल्या बहिणीनं घाबरायचं कारण नाही. नजरगहाण आणि मुदतखरेदी यांना मात्र हा दिलासा नाही. तिथे पैसे द्यायची तारीख उलटल्यापासून तीस वर्षं सरळ मोजली जातात. आधी कोणी केलेला दावा कधीतरी गैरहजेरीत निकाली निघाला असेल, तरी हक्क संपल्याचं त्या हुकूमनाम्यात म्हटलेलं नसेल तर पुन्हा दावा करता येतो.

बँकेच्या कर्जाची गोष्ट निराळी आहे, एवढं इथे सांगून पुढे जातो. सरफेसी कायद्याखाली, म्हणजे कोर्टात न जाता तारण विकून थकीत कर्ज वसूल करण्याची मुभा बँकांना देणाऱ्या कायद्याखाली, बँकेनं लिलावाची नोटीस प्रसिद्ध केली की सोडवण्याचं दार बंद होतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं आहे. तिथे भावंडांच्या वादात एक आठवडाही घालवू नये.

दावा जिंकला की आधी प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यात देणं किती ते ठरतं आणि भरायला मुदत मिळते. पैसे भरले की अंतिम हुकूमनामा, मग ताबा. आणि इथून घरातला दुसरा अंक सुरू होतो. बहीण म्हणते, सगळे पैसे मी भरले, पायऱ्या मी झिजवल्या, जमीन माझी. तिचा संताप समजण्यासारखा आहे, पण कायदा तिला मालकी देत नाही. एका हिस्सेदारानं सोडवलेली जमीन सगळ्यांसाठी सुटते. तिला मिळतं ते मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ९२ चं संरक्षण : भावांच्या हिश्शांपुरती ती गहाण घेणाऱ्याच्या जागी जाऊन बसते. बारा हजारांपैकी तिचे स्वतःचे तीन हजार वगळून उरलेले नऊ हजार, प्रत्येक भावाकडून तीन, आणि कलम ९५ प्रमाणे सोडवण्याच्या वाजवी खर्चाचा वाटा, हे मिळेपर्यंत ती भावांचे हिस्से अडवून ठेवू शकते. तिनं गहाण घेणाऱ्याशी परस्पर बोलून जमीन एकटीच्या नावे करून घेतली असती, तरी फरक पडला नसता. आपल्या जागेचा फायदा घेऊन सहहिस्सेदारानं किंवा गहाण घेणाऱ्यानं इतरांच्या हक्काला बाध आणणारं काही पदरात पाडून घेतलं, तर ते सगळ्यांसाठीच धरलं जातं. हे भारतीय न्यास कायद्याच्या कलम ९० मध्ये आहे.

तिनं पुढे वीस वर्षं एकटीनं कसली म्हणूनही भावांचे हक्क बुडत नाहीत. एका हिस्सेदाराचा ताबा तो सगळ्यांचा ताबा. भावांचा हक्क उघडपणे नाकारून, त्यांच्या कानावर घालून, त्यांना बाहेर ठेवून मुदत भरली असेल तरच विरुद्ध कब्जाची, म्हणजे लांबलेल्या ताब्यानं मालकी मिळाल्याची, भाषा करता येते, आणि ते सिद्ध करणं महाकठीण.

ताबा पावती हातात आली की पहिलं काम इतर हक्काच्या रकान्यातली ती ओळ कमी करून घेण्याचं. हुकूमनाम्याची प्रत जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. मृत्युपत्र आणि तोंडी वाटप यांचा शेवटचा निकाल वाटपाच्या दाव्यात लागेल. तिथे हिस्से ठरवतं दिवाणी कोर्ट, पण शेतजमिनीवर प्रत्यक्ष रेघा ओढतात जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मोजणीदार. कोणाच्या वाट्याला कोणता तुकडा हे ठरताना भावांकडून यायचे ते नऊ हजार आणि खर्च हुकूमनाम्यात घालून घ्यायला बहिणीच्या वकिलानं विसरू नये.